न्यूट्रिनो प्रयोगांकडे जाताना पहिला डिटेक्टर: खानदेशच्या उन्हात टिकणारं सिंटिलेटर पॅडल

टेबलावर बनवलेल्या डिटेक्टरमध्ये न्यूट्रिनो दिसत नाही. हे आधीच मनात पक्कं करा, म्हणजे पुढे निराशा होणार नाही. न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला अतिसूक्ष्म कण पृथ्वीच्या आरपार जातो आणि वाटेत बहुतेक वेळा कशालाच धडकत नाही. म्हणून तर भारतातल्या प्रस्तावित न्यूट्रिनो वेधशाळेच्या 'आयकॅल' डिटेक्टरचा आराखडा ५० हजार टन लोखंडाचा आहे. मात्र म्यूऑन जातीचा न्यूट्रिनो क्वचित कधी अणुकेंद्रावर आदळला, तर बऱ्याचदा म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद असलेला विद्युतभारित कण) बाहेर पडतो, आणि प्रत्यक्षात पकडायचा असतो तो हा म्यूऑन. १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सव्वादोन किलोमीटरहून खोल, वातावरणातल्या न्यूट्रिनोंचा माग लागला, तोही प्लास्टिक सिंटिलेटर (कण आरपार गेला की चमकणारं प्लास्टिक) आणि निऑन फ्लॅश ट्यूब यांनी टिपलेल्या म्यूऑनवरून.

म्यूऑन मात्र घरबसल्या भरपूर मिळतात. विश्वकिरणांमुळे आकाशातून पडणारे म्यूऑन तळहाताएवढ्या जागेतून मिनिटाला साधारण शंभर जातात. न्यूट्रिनो प्रयोगांचे डिटेक्टर याच फुकटच्या म्यूऑनवर तपासले जातात. म्हणून जो विद्यार्थी एक पॅडल, म्हणजे प्रकाश न शिरेल अशी गुंडाळलेली सिंटिलेटरची प्लेट आणि तिचा संवेदक, स्वतः बांधून 'याची कार्यक्षमता इतकी, चूक इतकी' असं पुराव्यानिशी सांगू शकतो, तो मोठ्या प्रयोगात पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो. इथे सांगितलेली रचना, म्हणजे सिंटिलेटरमध्ये खाच, खाचेत फायबर आणि टोकाला प्रकाशसंवेदक, खेळण्यातली नाही. अमेरिकेतल्या मिनॉस या न्यूट्रिनो प्रयोगाच्या पट्ट्या १ सें.मी. जाड, ४.१ सें.मी. रुंद आणि अशाच खाचेत फायबर बसवलेल्या होत्या.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांसाठी हे मार्गदर्शन वेगळं लिहिण्याचं कारण एकच: ऊन. बाहेरच्या पुस्तिका २०-२५ अंशांची खोली गृहीत धरतात. मे महिन्यात भुसावळच्या प्रयोगशाळेत पंख्याखालीही ४० अंश असतात. त्या तापमानात न सांभाळलेलं पॅडल म्यूऑन मोजत नाही, हवामान मोजतं.

काय काय लागेल

तीन पॅडल बांधा, दोन नव्हे. दोन पॅडलनी म्यूऑन मोजता येतो, पण कार्यक्षमता काढायला तिसरं लागतंच.

प्रत्येक पॅडलसाठी २० × २० × १ सें.मी. आकाराची प्लास्टिक सिंटिलेटरची प्लेट, १ मि.मी. व्यासाच्या तरंगलांबी बदलणाऱ्या फायबरचे ५२ सें.मी.चे चार तुकडे आणि ३ × ३ मि.मी.चा एक सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर. या संवेदकाला सगळे 'सायपीएम' म्हणतात, आपणही तेच म्हणू. तिन्ही पॅडलना मिळून सव्वासहा मीटर फायबर पुरतं, पण आठ मीटर घ्या, कारण पॉलिश करताना दोन-तीन तुकडे हमखास वाया जातात. सायपीएम एक जास्तीचा ठेवा.

शिवाय हळू जमणारं, पाण्यासारखं पारदर्शक दोन भागांचं इपॉक्सी, नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप, काळा जाड कागद, काळी पीव्हीसी टेप, तापमान मोजणारा डीएस१८बी२० आणि हवेचा दाब मोजणारा बीएमपी२८० लागेल.

काळ्या कागदाऐवजी शेतातला चंदेरी-काळा मल्चिंग पेपर वापरण्याचा मोह खानदेशात होणारच, कारण तो प्रत्येक कृषी केंद्रावर मिळतो. वापरा, पण काळ्या कागदाच्या वरचं आवरण म्हणून. चंदेरी बाजू बाहेर ठेवली तर उष्णता परतवायला मदत होते. एकट्या मल्चिंग पेपरवर प्रकाश अडवायची भिस्त ठेवू नका, २५-३० मायक्रॉनच्या फिल्मला सुईच्या टोकाएवढी भोकं असतातच.

प्लेट हाताळणं आणि खाच पाडणं

सिंटिलेटर म्हणजे पॉलिस्टायरिन किंवा पॉलिव्हिनाइलटोल्यूइनमध्ये विरघळवलेले चमकणारे रंगरेणू. म्यूऑन १ सें.मी. जाडीतून जाताना साधारण २ एमईव्ही (कणांची ऊर्जा मोजण्याचं एकक) ऊर्जा सोडतो आणि दर एमईव्हीला दहा हजारांच्या आसपास निळे फोटॉन निघतात. त्यातले शेवटी संवेदकात मोजले जातात अवघे दहा-वीस. म्हणून पृष्ठभागावरचा प्रत्येक ओरखडा महाग पडतो.

प्लेटला उघडा हात लावू नका. घामातल्या तेलकटपणाने पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात, आणि उन्हाळ्यात हात कोरडा राहत नाहीच. सुती हातमोजे घाला. पुसायचं तर सौम्य साबणाच्या पाण्याने, मऊ कापडाने. ॲसिटोन आणि थिनरने प्लेट कायमची पांढुरकी होते. हे प्लास्टिक सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. पार्सल आणताना दुपारी बंद गाडीत ठेवून जेवायला गेलात, तर परत आल्यावर प्लेट वाकलेली मिळेल.

खाचांसाठी ॲक्रिलिकचे बोर्ड बनवणाऱ्याकडचं सीएनसी राउटर चालतं. लेझर कटर अजिबात नको, त्याच्या उष्णतेने कडा वितळतात आणि पिवळ्या पडतात. १.२ मि.मी.चं एकधारी बिट, दोन फेऱ्यांत पावणेदोन मि.मी. खोली, सतत हवेचा झोत. चार समांतर खाचा, एकमेकींत ५ सें.मी. अंतर, कडेपासून २.५ सें.मी. कारागिराला आधी टाकाऊ ॲक्रिलिकवर एक खाच पाडून दाखवायला सांगा. भुसा भुरभुरीत निघाला तर बिटाचा वेग बरोबर आहे. चिकट दोरे निघाले तर प्लास्टिक वितळतंय, फेरे कमी करा.

फायबर

फायबर निळा प्रकाश शोषून हिरवा सोडतं, आणि तो हिरवा प्रकाश आतल्या आत परावर्तित होत टोकापर्यंत जातो. नव्या ब्लेडने एका दमात कापा. मग पाण्यासोबत १००० नंबरचा पॉलिश पेपर, २००० नंबरचा, आणि शेवटी ३ मायक्रॉनचा. हात इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा. भिंगातून टोक काचेसारखं गोल, अखंड दिसलं पाहिजे. कडेला चंद्रकोरीसारखी काळी फट दिसली, तर आवरणाचा टवका उडाला आहे. मागे या, पुन्हा कापा.

दुसऱ्या टोकाला चंदेरी मायलारचा तुकडा इपॉक्सीच्या थेंबाने चिकटवा, म्हणजे उलट दिशेला गेलेला प्रकाश परत येतो. वाकवताना त्रिज्या १० सें.मी.पेक्षा कमी होऊ देऊ नका. प्लेटच्या बाहेर साधारण ३० सें.मी. लांबी सोडून चारही टोकं हळूहळू जवळ आणली, तर वाकण अंगावर येत नाही. चार टोकांचा दोन-बाय-दोन जुडगा २ मि.मी.चा चौकोन होतो आणि ३ मि.मी.च्या सायपीएमसमोर आरामात मावतो. जुडगा आणि सायपीएम धरायला काळ्या प्लास्टिकचा छोटा ठोकळा छापून घ्या. पांढरा ठोकळा प्रकाश आत सोडतो.

इपॉक्सी पहाटे भरा. हा सल्ला गमतीचा नाही. २५ अंशांना तासभर वापरता येणारं मिश्रण चाळीस अंशांना त्याच्या निम्म्याहून कमी वेळात घट्ट होतं, आणि घाईत भरलेल्या खाचेत बुडबुडे राहतात. मिश्रण हळू ढवळा, दहा मिनिटं स्थिर ठेवा, सिरिंजने खाचेच्या एका टोकापासून भरत जा, मग फायबर दाबा. २४ तास हलवू नका. ऑप्टिकल ग्रीस वापरून हे काम टाळता येतं असं वाचनात येईल. थंड ठिकाणी ते खरंही आहे. इथे उन्हाळ्यात ग्रीस पातळ होऊन ओघळतं आणि जूनमध्ये सिग्नल अर्धा का झाला, हे शोधण्यात आठवडा जातो.

गुंडाळणी

टेफ्लॉन टेपचे पाच-सहा थर, ताण न देता. त्यावर काळा कागद, त्यावर काळी टेप, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर अर्धी चढवून. प्रकाश शिरतो तो बहुतेक चार कोपऱ्यांतून आणि फायबर बाहेर पडतात त्या तोंडातून. तिथे दुप्पट टेप लावा. साध्या पीव्हीसी टेपचा गोंद चाळीस अंशांच्या पुढे पातळ होऊन सरकतो. फेब्रुवारीत घट्ट असलेलं पॅडल मेमध्ये कोपऱ्यात उघडं पडतं. म्हणून प्रकाशाची तपासणी एकदा करून सोडू नका, दर महिन्याला करा: खोली अंधारी करून संवेदकाचा प्रवाह नोंदवा, मग मोबाइलची टॉर्च दोन सें.मी.वरून प्रत्येक शिवणीवर फिरवा. आकडा हलला तिथे खडूने खूण करा.

सायपीएम आणि तापमान

नवशिक्यांची गाडी इथेच अडते, म्हणून थोडं थांबून पाहू.

सायपीएम म्हणजे हजारो सूक्ष्म पेशींचा चौकोन. एका फोटॉनने एक पेशी पेटते आणि ठरावीक आकाराचा पल्स, म्हणजे विजेचा क्षणिक ठोका, देते. नेहमीच्या एका मॉडेलचे आकडे घेऊ: २५ अंशांना ब्रेकडाउन व्होल्टेज (ज्याच्या पुढे पेशी पेटू शकतात ते) ५३ च्या आसपास, त्यावर ३ व्होल्ट जास्त द्यायचे, म्हणजे बायस, संवेदकाला दिलेलं एकूण व्होल्टेज, ५६. त्या ३ व्होल्टना ओव्हरव्होल्टेज म्हणतात आणि पल्सचा आकार त्यावर ठरतो. ब्रेकडाउन दर अंशाला ५४ मिलिव्होल्टने वाढतं.

आता हिशेब करा. खोली २५ वरून ४५ अंशांवर गेली, तर ब्रेकडाउन १.०८ व्होल्टने वर सरकलं. बायस तोच ५६ ठेवला तर ओव्हरव्होल्टेज ३ वरून १.९२ वर आलं, म्हणजे पल्स तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटला. त्याच वेळी फोटॉन नसताना आपोआप पेटणाऱ्या पेशींची संख्या, म्हणजे डार्क काउंट, दर आठ-दहा अंशांना दुप्पट या हिशेबाने चौपट किंवा अधिक झाली. सिग्नल खाली आणि गोंधळ वर, अशी दुहेरी मार बसते. नवशिक्या विद्यार्थी सिग्नल कमी दिसला की थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या उंचीच्या वरचेच पल्स मोजायचे ती मर्यादा, खाली आणतो, आणि मग पॅडल मोजतं ते निव्वळ डार्क काउंट.

उपाय साधा आहे. डीएस१८बी२० सायपीएमच्या बोर्डाला चिकटवा, खोलीच्या भिंतीला नव्हे. मायक्रोकंट्रोलरकडून दर मिनिटाला तापमान वाचून बायस तितक्याच मिलिव्होल्टने वाढवा किंवा घटवा. ५४ हा आकडा तुमच्या मॉडेलच्या माहितीपत्रकात तपासून घ्या. बायस बदलायची सोय नसेल तर निदान तापमान प्रत्येक नोंदीसोबत लिहा. याने पल्सचा आकार स्थिर होतो. डार्क काउंट मात्र कमी होत नाही. त्यासाठी तळमजल्यावरची, उत्तरेकडची खोली निवडा.

कूलरबद्दल. पाण्याच्या कूलरचा झोत बोर्डावर येऊ देऊ नका. ओलाव्याने बोर्डावरून गळती प्रवाह सुरू होतो, क्षार साचतात, आणि ५६ व्होल्टची लाइन तिथूनच बिघडते. कूलरची दुसरी खोडी खाली येते.

पल्स मोजणं

सायपीएमनंतर पन्नासपट वाढवणारा वेगवान प्रवर्धक, मग पल्सची थ्रेशोल्डशी तुलना करणारी चिप. इथे एलएम३११ संथ पडते, एलएम३५८ तर विचारातच घेऊ नका. टीएलव्ही३५०१ सारखी काही नॅनोसेकंदांत वळणारी घ्या. तिच्या बाहेर ७४एचसी१२३ ने पल्स १०० नॅनोसेकंद रुंद करा, दोन पॅडलचे पल्स ७४एचसी०८ च्या अँड गेटमध्ये (दोन्ही पल्स एकाच वेळी आले तरच पुढे सोडणारं) द्या, आणि गेटनंतर पुन्हा दहा मायक्रोसेकंदांपर्यंत ताणून मायक्रोकंट्रोलरला द्या. शेवटचं ताणणं विसरलात तर ईएसपी३२ सारखा मायक्रोकंट्रोलर अर्ध्या घटना चुकवेल.

एकाच क्षणी दोन्ही पॅडलमध्ये पल्स आला तर तो म्यूऑन, हे गृहीतक किती भक्कम आहे ते आकड्यांत पाहा. निव्वळ योगायोगाने जुळणाऱ्या पल्सांचा दर म्हणजे दोन गुणिले पल्सची रुंदी गुणिले दोन्ही पॅडलचे स्वतंत्र दर. रुंदी १०० नॅनोसेकंद आणि दोन्ही दर सेकंदाला १००, तर खोटे म्यूऑन आठ-नऊ मिनिटांत एक. दर सेकंदाला ५ हजार झाले, तर सेकंदाला पाच, म्हणजे मिनिटाला ३००. तुमचे खरे म्यूऑनही जवळपास तेवढेच असतात! मे महिन्यात 'म्यूऑन दुप्पट झाले' असं दिसलं, तर आकाशाकडे पाहण्याआधी एकेका पॅडलचा दर पाहा.

थ्रेशोल्ड ठरवताना अंदाज नको. थ्रेशोल्ड पाच-पाच मिलिव्होल्टने वाढवत एका पॅडलचा दर कागदावर उतरवा. आधी जिन्याच्या पायऱ्यांसारखा दर कोसळतो, प्रत्येक पायरी म्हणजे एक फोटॉन. मग उतार मंदावतो, तिथे म्यूऑनचा पट्टा सुरू होतो. पायऱ्या संपल्यावर थोडं पुढे, साधारण सहा फोटॉनांच्या उंचीवर, थ्रेशोल्ड ठेवा. ही पाहणी सकाळी सहाला आणि दुपारी तीनला, दोन्ही वेळा करा. दुपारी डार्क काउंटमुळे दर जास्त दिसेल, पण पायऱ्या दोन्ही आलेखांत त्याच मिलिव्होल्टवर आल्या तर तापमान-भरपाई काम करते आहे.

पोटॅशची चाचणी

केळीला घालतात ते म्युरेट ऑफ पोटॅश नैसर्गिकरीत्या किरणोत्सारी आहे, त्यातल्या पोटॅशियम-४० मुळे. एक किलोत सेकंदाला साधारण १५ हजार विघटनं होतात, हाताळायला कसलाही धोका नाही. रावेर-यावलच्या कुठल्याही शेतकऱ्याकडे पोतं असतं. अर्धा-एक किलो पातळ प्लास्टिक पिशवीत पसरून वरच्या पॅडलवर ठेवा, थ्रेशोल्ड थोडा खाली घ्या. वरच्या पॅडलचा स्वतःचा दर स्पष्ट वाढला पाहिजे, आणि दोघांचा एकत्रित दर (दोन्हींत एकाच क्षणी आलेले पल्स) जवळपास तसाच राहिला पाहिजे, कारण पोटॅशमधून निघणारा इलेक्ट्रॉन एक सें.मी. प्लास्टिक ओलांडून दुसऱ्या पॅडलपर्यंत पोचत नाही. दर वाढलाच नाही तर पॅडल आंधळं आहे: फायबर-सायपीएम जोड तपासा. एकत्रितही बराच वाढला तर पल्स फार रुंद आहेत किंवा दोन वाहिन्यांत विजेची गळती आहे. एका केळ्याने मात्र काही दिसणार नाही, त्यात सेकंदाला पंधराच्या आसपासच विघटनं होतात.

विजेच्या गोंधळाची वेगळी तपासणी हवी. बायस पूर्ण बंद करा आणि तासभर मोजा. एकत्रित दर शून्य आला पाहिजे. मग कूलर, पंखा, बोअरची मोटर चालू-बंद करा. स्विचच्या ठिणगीचा झटका दोन्ही वाहिन्यांत एकाच क्षणी शिरतो आणि हुबेहूब म्यूऑनसारखा दिसतो. शून्याच्या जागी आकडे आले तर पॅडलला ॲल्युमिनियम फॉइलचं आवरण घालून ते एकाच जागी अर्थ करा, आणि वीजपुरवठा १२ व्होल्टच्या बॅटरीवरून द्या. स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लहर नको. लाइट गेली तरी नोंद टिकावी म्हणून एसडी कार्ड आणि वेगळं घड्याळ हवंच.

कार्यक्षमता

अ, ब, क अशी तीन पॅडल एकमेकांवर ठेवा, तपासायचं ते मध्ये. अ आणि क दोन्हींत पल्स आला अशा घटना मोजा, त्यातल्या कितींत ब मध्येही आला ते मोजा. भागाकार म्हणजे ब ची कार्यक्षमता. १० हजार घटना घेतल्या आणि उत्तर ९५ टक्के आलं, तर चूक ०.२ टक्के. एवढ्या घटना खेटून ठेवलेल्या पॅडलमध्ये अर्ध्या तासात मिळतात. ब एक सें.मी. बाजूला सरकलं असेल तर पाच टक्के कार्यक्षमता उगाच कमी दिसते. म्हणून लाकडी चौकटीत कोपरे जुळवून बसवा. ९० च्या खाली उत्तर आलं तर आधी चौकट, मग थ्रेशोल्ड, मग फायबरची टोकं, या क्रमाने शोधा.

दर मिनिटाचे आकडे ९२, १०७, ९८ असे नाचताना पाहून घाबरू नका. शंभरच्या मोजणीत दहाचा चढउतार स्वाभाविक आहे. एक टक्का फरक ओळखायचा तर दहा हजार घटना लागतात.

पुढे काय

दोन पॅडल ६० सें.मी. अंतरावर ठेवून पूर्ण चौकट कलती करा. सरळ वर मिनिटाला वीसेक, ४५ अंशांना निम्मे, ६० अंशांना चौथा हिस्सा असा क्रम आला पाहिजे. हवेचा दाब दहा हेक्टोपास्कलने वाढला की दर एक-दोन टक्क्यांनी घटतो. जानेवारी ते जुलै नोंद ठेवली तर हे घरच्या घरी दिसतं. आयकॅलसाठी योजलेले काचेचे आरपीसी (रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर) डिटेक्टर, ३ मि.मी.च्या दोन काचा, २ मि.मी.ची फट, सुमारे १० हजार व्होल्ट आणि आयसोब्युटेन मिसळलेला वायू, हे पॅडल जमल्यानंतरचं काम आहे. ते जाणकाराच्या देखरेखीखालीच करा.

सगळ्यात चांगली परीक्षा तोरणमाळला होते. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास, तोरणमाळ सुमारे ११५० मीटर. वर म्यूऑन १० ते २० टक्के जास्त मिळायला हवेत. पण तिथे हवा पाच-सहा अंशांनी थंडही असते. भरपाई नसलेल्या पॅडलमध्ये तेवढ्यानेच ओव्हरव्होल्टेज ०.३ व्होल्टने, म्हणजे दहावा हिस्सा वाढतं, आणि उंचीमुळे नव्हे तर थंडीमुळेही दर वाढलेला दिसू शकतो. म्हणून जाताना अ-ब-क ची चौकट सोबत न्या आणि वर पोचल्यावर पहिला अर्धा तास कार्यक्षमता पुन्हा काढा. ती खालच्या उत्तराशी जुळली, तरच वाढीची नोंद वहीत करा.